फडताळातील पथ्य

चिकित्सालयातून उठता उठता रुग्ण जो शेवटचा प्रश्न विचारतो तो बहुधा आहाराचा असतो. चिठ्ठी हातात पडलेली असते, औषधे कशी घ्यावयाची हे समजलेले असते, आणि दाराशी थबकून तो म्हणतो, "डॉक्टरसाहेब, खायचं काय?" या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो, ते किती विचारपूर्वक देतो, याचा आपल्या व्यवसायबंधूंनी व औषधनिर्मात्यांनी एकदा शांतपणे विचार करावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

औषधाच्या बाबतीत आपण काटेकोर असतो. मात्रा, अनुपान आणि काल यांत फरक पडलेला आपल्याला चालत नाही. पथ्य मात्र 'हलका आहार घ्यावा' या तीन शब्दांत उरकले जाते. हलका म्हणजे कोणता, किती आणि केव्हा, हे रुग्णाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून ठरवावयाचे. शेजारी सांगतात, 'अशक्तपणा आहे, काजू-बदाम खा.' मग सोयाबीनच्या काढणीवर मजुरी करणारा गृहस्थ दोन दिवसांच्या कमाईतून पाव किलो बदाम आणतो, ज्वरातून नुकत्याच उठलेल्या बायकोला खाऊ घालतो, आणि तिसऱ्या दिवशी पोट जड झाल्याची तक्रार घेऊन आपल्याकडेच परत येतो. घरच्या फडताळात त्याच वेळी लाह्यांचा डबा असतो, फुटाणे असतात, कोपऱ्यात मूठभर मनुका असतात. त्यांची आठवण त्याला कोणी करून दिलेली नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मनुका, खारीक, बोरकूट, लाह्या, फुटाणे, भाजलेली पोळी किंवा पाव, इतकेच काय तर चहाबरोबरचा टोस्टसुद्धा, हा सारा वैद्याच्या अधिकारातील विषय आहे. या साध्या पदार्थांविषयी आपण औषधाइतक्याच नेमकेपणाने लिहिले पाहिजे. आणि ते पदार्थ रुग्णाने आवडीने खावेत, हेही आपणच त्याला सांगितले पाहिजे.

शास्त्राची साक्ष

काश्यपसंहितेने आहाराला महाभैषज्य मानले आहे, आणि लोलिंबराजांचे पथ्यविषयक वचन तर प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. परंतु याहूनही बोलका पुरावा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात आहे. तेथे सांगितलेल्या पन्नास महाकषायांपैकी श्रमहर महाकषाय पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणावा. द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव आणि षष्टिक अशी ही दहा द्रव्ये आहेत. यांत एकही वनस्पती अशी नाही की जी केवळ औषध म्हणून ओळखली जाते. सगळी खाण्याची फळे आणि धान्ये. थकलेल्या माणसाचा श्रम घालविण्यासाठी आचार्यांनी जी यादी केली, ती किराणा दुकानात आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची केली, याचा अर्थ आपण लक्षात घ्यावयास हवा.

द्राक्षेचे स्थान तर विशेष आहे. हिततम द्रव्ये सांगताना चरकाचार्यांनी फळांत मृद्वीकेला अग्रस्थान दिले. ज्वरहर, कासहर, कंठ्य आणि विरेचनोपग या गणांतही ती आहे. लाजा म्हणजे लाह्या या छर्दिनिग्रहण गणात आहेत. आपण द्राक्षारिष्ट, द्राक्षासव आणि द्राक्षावलेह नित्य देतो. ते योग्यच आहे. मात्र ज्या द्रव्याचा अरिष्ट आपण बाटलीतून देतो, तेच द्रव्य रुग्णाच्या घरी वाटीत भिजत घालता येते, हे सांगण्यास आपली जीभ का अडखळते?

वाळविलेले अन्न म्हणजे शिळे अन्न, असा एक समज काही सुशिक्षित घरांत आढळतो. त्याचेही निराकरण शास्त्रानेच केलेले आहे. सद्वृत्त सांगताना पर्युषित अन्नाचा निषेध करून चरकांनी जे अपवाद दिले, त्यांत सुकी शाक, फळे आणि भक्ष्य पदार्थ आहेत. पाणी काढून टाकून टिकविलेले अन्न आणि ओलसर राहून बिघडलेले अन्न यांत आचार्यांनी स्पष्ट भेद केला आहे.

भाजण्याचा संस्कार

दुसरा मुद्दा संस्काराचा. अग्नीच्या योगाने द्रव्यात गुणांतर होते, हे विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील करण या आयतनाखाली आपण शिकलो आहोत. अन्नपानविधीत याचे उदाहरण फार सुंदर आहे: व्रीही गुरू असला तरी त्याच्या लाह्या लघू होतात, आणि सक्तू लघू असले तरी त्यांचे शिजवून केलेले गोळे गुरू होतात. म्हणजे धान्य तेच, परंतु त्याच्यावर काय केले यावर त्याचे पचन ठरते.

हाच न्याय पावाच्या टोस्टला लावून पाहावा. ताजा मऊ पाव किंचित चिकट, क्लेदकर आणि पोटात फुगणारा असतो. त्याचीच चकती मंद विस्तवावर भाजली की ओलावा निघून जातो, ती चावून खावी लागते, आणि मंदाग्नीच्या रुग्णाला तुलनेने सोसते. ताज्या पोळीपेक्षा तव्यावर कडक केलेली पोळी किंवा गुजराती घरांतील खाकरा पोटाला हलका वाटतो, त्याचेही कारण हेच. मात्र भाजल्याने लघुत्वाबरोबर रूक्षत्वही येते. म्हणून वातप्रकृतीच्या, वृद्ध किंवा मलावष्टंभ असलेल्या रुग्णाने असे पदार्थ कोरडेच खाऊ नयेत. थोडे तूप लावून किंवा मुगाच्या कढणाबरोबर खावेत.

बेकरीतील गोड टोस्टचा हिशेब वेगळा आहे. त्यात मैदा आहे, साखर आहे आणि बहुधा वनस्पती तूप आहे. तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा देशात १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली, ही चांगली गोष्ट झाली. तरी मैदा आणि साखर जागच्या जागीच आहेत. म्हणून 'टोस्ट हलका असतो' हे विधान सरसकट करता येत नाही. भाजण्याने मिळालेले लघुत्व द्रव्याच्या आणि संयोगाच्या दोषाने गमावलेही जाऊ शकते.

सुका मेवा हा एक पदार्थ नव्हे

'सुका मेवा खा' असा सल्ला देणे म्हणजे 'झाडपाला घ्या' असे सांगण्यासारखे आहे. या एका नावाखाली परस्परविरुद्ध गुणांची द्रव्ये एकत्र आली आहेत.

मनुका मधुर, स्निग्ध, शीत आणि अनुलोमक आहे. पित्तप्रधान रुग्णाला, कोरडा खोकला असणाऱ्याला, ज्वरानंतर तोंड कडू होऊन अन्न नकोसे झालेल्याला ती मानवते. खजूर व खारीक बृंहण आणि शीत, पण गुरू; क्षय झालेल्या, मार लागलेल्या, श्रमाने खंगलेल्या रुग्णाला उपयुक्त, मात्र अग्नी मंद असता नव्हे. बदाम, अक्रोड, पिस्ते हा गट बल्य आणि वातघ्न खरा, परंतु चरकाचार्यांनी त्याला गुरू, उष्ण आणि कफपित्त वाढविणारा म्हटले आहे. ज्वरमुक्त रुग्णाला आरंभीच बदाम देणे शास्त्राला धरून नाही, आणि त्याच्या खिशालाही ते परवडत नाही.

आपल्या वऱ्हाडाचा खरा सुका मेवा म्हणजे बोर. हिवाळ्यात बांधावरची बोरे उतरतात, उन्हात वाळतात आणि त्यांचे बोरकूट होते. शाळेच्या दाराशी पोरे ते मिटक्या मारीत खातात, म्हणून आपण त्याला खाऊ समजतो. सुश्रुतसंहितेत मात्र जुन्या बोराला तृष्णाशामक, श्रमघ्न, दीपन आणि लघू म्हटले आहे. श्रमहर गणातील बदर आणि प्रियाल, म्हणजे बोर आणि चारोळी, ही दोन्ही विदर्भाच्या परिचयाची झाडे. देशसात्म्याचा विचार करणाऱ्या वैद्याने बदामाच्या आधी बोराचे नाव घ्यावे, हे उचित होय.

आपल्या जिल्ह्याचे चित्र

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत शेती हाच मुख्य आधार. जेथे पूर्वी ज्वारीची ताटे डोलत, तेथे आता सोयाबीन आहे, रब्बीत हरभरा आहे, अलीकडे काही शेतांत चियाही दिसू लागला आहे. ज्वारी शेतातून कमी झाली तशी ज्वारीची लाही घरातून कमी झाली. नागपंचमीपुरती ती उरली. फडताळातील तिची जागा बेकरीच्या टोस्टने आणि रंगीत पाकिटांनी घेतली. हरभरा मात्र आजही आपल्या शेतात आहे. फुटाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. खारट पाकिटाच्या किमतीत मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा सहज येतो, हे आपण रुग्णाला सांगत नाही, म्हणून तो पाकीट घेतो.

दोन प्रकारच्या रुग्णांकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो.

पहिला म्हणजे कष्टकरी. पहाटे भाकर बांधून निघायचे, दुपारी दोन घास खायचे आणि दिवसभर चहावर काढायचा, हा त्याचा क्रम. तांड्यावरून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची तऱ्हा याहून कठीण. त्याला श्रमहर गण द्यावयाचा तर तो चूर्णाच्या डबीतून देण्याचे कारण नाही. फुटाणे, गूळ, बोरकूट आणि चार खजूर हे फडक्यात बांधता येते, चूल लागत नाही आणि खराब होत नाही.

दुसरा रुग्ण म्हणजे एकटा राहणारा वृद्ध. मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली, दात पडलेले, एकट्यापुरता स्वयंपाक करण्याचा कंटाळा. सकाळी चहा-टोस्ट, रात्री पुन्हा चहा-टोस्ट. असे रुग्ण कारंजा-वाशीमसारख्या गावांत आपण सर्वच पाहतो. ते मलावष्टंभाची, पाय गळून गेल्याची आणि झोप न लागल्याची तक्रार करतात. आपण त्रिफळा देतो, अश्वगंधा देतो. परंतु 'काल दिवसभरात काय काय खाल्ले?' हा प्रश्न विचारीत नाही. विचारला, तर रोगाचे अर्धे निदान तेथेच होते.

अशा वृद्धाकडून टोस्ट हिरावून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. चहात बुडवून मऊ झालेला तो घास त्याच्या दिवसातील एक आनंद आहे, आणि निषेधांची लांबलचक यादी दिली की रुग्ण वैद्यच बदलतो. त्याऐवजी मांडणी बदलावी. टोस्ट दिवसातून एकदाच राहू द्यावा. रात्री त्याच्या जागी मुगाचे घट्ट कढण आणि तूप लावून भाजलेली पोळी कुस्करून द्यावी. झोपण्यापूर्वी कोमट पाण्यात भिजलेल्या, बिया काढलेल्या दहा-बारा काळ्या मनुका खाण्यास सांगाव्यात. चुलीपाशी दहा मिनिटांपेक्षा अधिक उभे न राहता होणारे हे पथ्य आहे, म्हणूनच ते पाळले जाते.

मात्रा, काल आणि शुद्धी

साधे पदार्थ आहेत म्हणून नियम नाहीत, असे मात्र नव्हे. सक्तूसारख्या हलक्या अन्नालाही आचार्यांनी किती बंधने घातली: रात्री नको, जेवणावर नको, द्रवाविना नको. त्याच धर्तीवर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, सुका मेवा येता-जाता तोंडात टाकीत राहणे हे अध्यशन होय. त्याची वेळ ठरवावी. सकाळी अथवा दुपारच्या जेवणानंतर पुरेसा काळ गेल्यावर भूक लागली असता खावे.

दोन, मनुका व बेदाणा यांत फरक करावा. सांगली-तासगावचा हिरवट-पिवळा बेदाणा बहुधा वाळविण्यापूर्वी पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडविलेला असतो, आणि रंग टिकावा म्हणून त्याला पुष्कळदा गंधकाची धुरी दिली जाते. श्वासाच्या काही रुग्णांना गंधकाचे हे अंश सोसत नाहीत. काळी, बी असलेली मनुका निवडावी. कोणतीही असली तरी कोमट पाण्याने दोनदा धुऊन मगच भिजत घालावी.

तीन, अम्ल द्रव्य आणि दूध यांचा विरोध ध्यानात ठेवून आंबट बेदाणे दुधात भिजवू नयेत. खारीक दुधात चालते.

चार, ऋतू पाहावा. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात खजूर-मनुकांचा मंथ अमृतासारखा आहे. वर्षा ऋतूत मात्र उदमंथ वर्ज्य सांगितला आहे.

पाच, लहान मुलांना अख्खे फुटाणे वा शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासमार्गात अडकण्याचा धोका असतो. चिकट मेवा खाल्ल्यावर चूळ भरण्याची सवय सर्वांनाच लावावी.

मर्यादा ओळखावी

उत्साहाच्या भरात आहाराला नको ते श्रेय देण्याचा मोहही टाळला पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. अशा स्त्रीला 'मनुका खा, रक्त वाढेल' एवढे सांगून घरी पाठविणे हा तिच्यावर अन्याय आहे. १०० ग्रॅम मनुकांत लोह दोन-अडीच मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि १०० ग्रॅम मनुका रोज कोणी खात नाही. रक्ततपासणी करावी, कारण शोधावे, लोहकल्प किंवा गोळ्या द्याव्यात, आणि मनुका सोबत असू द्यावी.

मधुमेहाचेही तसेच. मनुकांत साधारण ६० टक्के साखरच असते, खजुरातही तितकीच. 'नैसर्गिक आहे, चालते' हे वाक्य वैद्याच्या तोंडी शोभत नाही. आणि एखादा वृद्ध कारण नसताना झपाट्याने वाळत असेल, गिळताना अडकत असेल, तर त्याला कढणाचा सल्ला देऊन न थांबता त्वरित पुढील तपासणीस पाठवावे.

औषधनिर्मात्यांस व विक्रेत्यांस

हे वाचताना औषधविक्रेते बंधूंच्या मनात येईल की, मनुका आणि लाह्या लिहून दिल्या तर आमच्या दुकानात कोण येणार? ही शंका स्वाभाविक आहे, आणि तिचे उत्तर व्यवहाराच्याच भाषेत दिले पाहिजे. पथ्य नीट झाले तर औषधाचा गुण दिसतो, गुण दिसला तर रुग्ण टिकतो. पथ्यावाचून दिलेल्या चार बाटल्यांनी गुण आला नाही, तर पाचवी बाटली विकली जात नाही, आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो.

२०२२ साली 'आयुर्वेद आहार' विषयक विनियम लागू झाले. ग्रंथोक्त पाककृतींनुसार केलेले अन्न स्वतंत्र चिन्हासह विकण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. दोन वर्षांखालील बालकांसाठी असे उत्पादन करण्यास मात्र मनाई आहे. ही संधी आहे यात शंका नाही. परंतु घरातील लाही, मनुका आणि फुटाणे यांनाच सुंदर डबी चढवून चौपट भावाने विकणे हा जर त्या संधीचा अर्थ होणार असेल, तर आपण आपल्याच शास्त्राचे सामान्य माणसाशी असलेले नाते तोडू. तसेच अन्नपदार्थावर 'मधुमेहावर रामबाण' अशी पाटी लावणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या कक्षेत येते, हेही विसरू नये.

विक्रेत्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. निवडलेली, किडविरहित काळी मनुका आणि स्वच्छ लाह्या, भरल्याची तारीख घालून, अन्न परवान्याची पूर्तता करून वाजवी दरात ठेवाव्यात. ग्राहक आपण होऊन येईल. निर्मात्यांनी तर द्राक्षाकल्पांसाठी कच्चा माल घेतानाच काळजी घ्यावी: गंधकाचा अंश संधानक्रियेला बाधक ठरतो, त्यामुळे धुरी दिलेला माल अरिष्टासाठी टाळणे त्यांच्याच हिताचे आहे.

रुचीचा विचार

शेवटी एक मुद्दा, ज्याला आपण बहुधा गौण मानतो. आहारविधी सांगताना आचार्यांनी उष्ण, स्निग्ध आणि मात्रावत् अन्नाबरोबर इष्ट स्थान सांगितले, न बोलता, न हसता, मन लावून खाणे सांगितले. अन्न मनाला प्रिय असणे हाही त्या विधीचाच भाग. आपण पथ्य सांगतो तेव्हा शिक्षा सुनावल्यासारखे सांगतो, आणि रुग्ण ते नाक मुरडून गिळतो. भिजून फुगलेली मनुका दातांखाली फुटते तेव्हाचा गोडवा, नुकत्याच भाजलेल्या फुटाण्यांचा खमंग वास, तूप लावलेल्या कडक पोळीचा कुरकुरीतपणा यांत सुख आहे, आणि ते सुख पचनाला साहाय्यक आहे. दूरदर्शनसमोर किंवा हातातील मोबाईलकडे पाहत रिकामी केलेली बदामांची वाटी जिभेलाही कळत नाही आणि अग्नीलाही मानवत नाही. त्यापेक्षा ओसरीवर बसून मन लावून खाल्लेल्या बारा मनुका बऱ्या.

म्हणून माझी सर्व सभासदांना विनंती आहे. आपल्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली चार ओळींची जागा राखून ठेवावी. तीत पदार्थाचे नाव, मात्रा, वेळ आणि तो कशाबरोबर घ्यावयाचा, हे स्वच्छ अक्षरांत लिहावे. लिहिण्यापूर्वी रुग्णाला विचारावे की घरात काय आहे, काय परवडते आणि काय आवडते. येत्या तिमाहीत प्रत्येकाने किमान ज्वरमुक्त आणि वृद्ध या दोन प्रकारच्या रुग्णांत असे करून पाहावे व आपले अनुभव, गुण आलेले तसेच न आलेलेही, याच पृष्ठांतून मांडावेत. सुज्ञ वैद्यवर्ग याचा विचार करील, अशी आशा आहे.